बुरशी लागलेल्या सात संत्र्यांबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आमच्याकडून घेतलेली पाच किलोची पेटी तुम्ही पाचव्या दिवशी पाहिली तर सात संत्री बुरशीनं हिरवी पडलेली. फोन केला तर आमच्या पोरानं वर सुनावलं, "फ्रिजमध्ये ठेवायची ना!" तुम्ही दोन स्टार तरी दिलेत. त्या उत्तराबद्दल आधी माफी मागतो. पेटीचे पैसे कालच परत पाठवलेत.

तुम्ही विचारलंय, "बुरशीचाच लेप लावता, मग बुरशी येणार नाही तर काय?" ताई, लेपात जिवंत बुरशी नसतेच. काही बुरशींच्या पेशीभित्तिकेत कायटोसान नावाचा पदार्थ असतो, तो काढून सौम्य आम्लात विरघळवायचं आणि फळावर पातळ थर द्यायचा. बाजारातलं बहुतेक कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचांचं. आमची निम्मी गिऱ्हाइकं उपासाला संत्री खातात, म्हणून महाग पडलं तरी आम्ही बुरशीचं घेतो.

तुमच्या फोटोत पांढरी कड आणि मधे शेवाळी भुकटी दिसते, ती पेनिसिलियम डिजिटॅटम, म्हणजे संत्र्यांवरची हिरवी बुरशी. धडधाकट सालीतून ती आत शिरत नाही, तिला जखम लागते. फोटो मोठा करून पाहिला. सातपैकी पाच फळं देठाकडूनच सडलीत. म्हणजे तोडणीवाल्यांनी कात्री न लावता ओढून काढली. नागपुरी संत्र्याची साल मुळातच ढिली, हिसका दिला की देठाशी चिमूटभर साल निघून येते. त्यात काटोलहून गाडी रात्री उशिरा पोचली आणि लेप लागला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोवर बीजाणू जखमेत रुजले होते. कायटोसान नव्या बीजाणूंना अडवतं, आत गेलेल्या बुरशीपर्यंत ते पोचत नाही. तेव्हा चूक लेपाची नाही, आमचीच. तो माल त्या दिवशी निवडून बाजूला काढायला हवा होता.

"मॉलमधलं चकचकीत ऑरेंज महिनाभर टिकतं" हेही खरं. परदेशातून येणाऱ्या फळाच्या मेणात बहुधा इमाझालिलसारखं बुरशीनाशक असतं. ते जोरदार आहे, आमचा लेप तितका नाही, हे कबूल. (त्याला न जुमानणारी हिरवी बुरशीही आता जगभरच्या पॅकहाउसांत सापडते, पण तो विषय वेगळा.) तरी पेटीवर "१५ दिवस हमखास" छापण्याचा शहाणपणा माझाच होता. ते स्टिकर काढलंय.

उरलेल्या संत्र्यांवर नुसती हिरवी भुकटी उडाली असेल आणि साल टणक असेल तर धुऊन, पुसून दोन-तीन दिवसांत खा. बोटानं दाबल्यावर मऊ लागलं तर टाकून द्या, तेवढाच भाग कापून बाकीचं खाऊ नका.

मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या संत्र्यांची, तोडणी फेब्रुवारीत आहे. कात्रीनं तोडलेली, त्याच दिवशी लेप लावलेली एक पेटी पाठवू का? पैसे नकोत. नको असेल तर तसंही सांगा.