मधूनच विचारू नका

"साबणाच्या सात वड्या, एकोणतीसनं," दुकानदार म्हणाला. हिशोब मला कोणी विचारला नव्हता, पण मी सुटलो. एकोणतीस एके एकोणतीस, दुणे अठ्ठावन्न... चोक सोळोत्रसे, पाचा पंचेचाळासे हा घाट चढेपर्यंत त्यानं दोनशे तीन कापून मागच्या बाईंचे पोहे मोजायला घेतले होते.

माझं पाठांतर चोख आहे. फक्त त्या गाडीत मधल्या स्टेशनावर चढता येत नाही.

दोष आजोबांचा. दिवेलागणीला हातपाय धुऊन परवचा म्हणायला बसायचं. आजोबा झोपाळ्यावर, डोळे मिटून. झोपले असं वाटायचं, पण आकडा चुकला की कड्यांची कुरकुर बंद. "हं, पहिल्यापासून." एकोणतीसच्या पाढ्याला ती कुरकुर इतक्यांदा थांबली, की २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस नऊ' असं वाचन आणलं तेव्हा सगळे चिडले आणि मी मनातल्या मनात पेढे वाटले. (पाढा तोच राहिला, हे नंतर लक्षात आलं.)

पाढे, पावकी, निमकी झाली की रामरक्षा. तीही ज्या अवयवाचं नाव येईल त्याला हात लावत. शिरो मे राघवः पातु म्हणजे डोकं, मग कपाळ, डोळे, कान असं खाली खाली. चुकलं की पुन्हा डोकं.

परवा गुडघ्यात इंजेक्शन घ्यायला गेलो. सुई पाहिली आणि जीभ आपोआप रामरक्षेकडे वळली. गुडघे त्यात 'सेतुकृत्' रामाकडे, म्हणजे पूल बांधणाऱ्याकडे आहेत. खातं अगदी योग्य. पण थेट गुडघ्यावर जायची सोय नाही! डोक्यावरून निघालो. नाक, तोंड, जीभ, गळा, खांदे. हात हृदयाशी पोचला आणि डॉक्टर वळले.

"छातीत दुखतंय?"

झालं, तुटलं. मी मुकाट्यानं हात उचलला आणि डोक्यावर ठेवला.

"डोकंही?" त्यांनी सुई खाली ठेवली. "सिस्टर, आधी ह्यांचा ईसीजी काढा."