चार टायर की चार ताटं

आमच्या घरात बाहेर जेवायला जायचं निघालं की ‘काय खायचं’ हा प्रश्न बराच उशिरा येतो. पहिला प्रश्न पार्किंगचा, दुसरा ‘उभं राहावं लागेल का’ हा. रविवारी रात्री ठाण्यात सहकुटुंब जेवायला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. दारातला वही घेतलेला मुलगा आपलं नाव लिहून ‘वीस मिनिटं’ म्हणतो. आपण आत डोकावून कोणाचं आटपत आलंय याचा अदमास घेतो आणि ताकापर्यंत पोचलेल्या एखाद्या कुटुंबाच्या खुर्च्यांमागे जाऊन उभे राहतो. त्यांनी बिल मागवलं की जीव भांड्यात पडतो. आइस्क्रीम मागवलं की मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. मग एकदाचे आपण बसतो, आणि पहिला पापड मोडेस्तोवर आपल्या खुर्चीमागे कोणीतरी येऊन उभं राहतं.

अशा घरात लेकीने जाहीर केलं, की आजीचा पंचाहत्तरावा वाढदिवस मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलात करायचा. फाइन डाइन, टेस्टिंग मेन्यू, म्हणजे शेफ ठरवेल ते थोडं थोडं. माणशी साडेसहा हजार.

नवऱ्याने टीव्ही म्यूट केला.

“माणशी की सगळ्यांचे मिळून?”

“माणशी, बाबा. प्लस टॅक्स.”

नवरा बँकेत आहे. ‘प्लस’ ऐकलं की त्याचा हात आपोआप पेनाकडे जातो. वर्तमानपत्राच्या कडेला त्याने चौघांचे २६,००० मांडले. मग त्याला कळलं की इथे जीएसटी नेहमीचा ५ टक्के नाही. ज्या हॉटेलातल्या खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटातल्या जेवणावर १८ टक्के पडतो. “म्हणजे वर कोणीतरी महागड्या खोलीत झोपलाय, म्हणून खाली माझ्या वरणावर तेरा टक्के जास्त?” या अन्यायावर तो बराच वेळ बोलला. टॅक्स ४,६८०. बेरीज ३०,६८०.

“आणि सर्व्हिस चार्ज?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण संसारात काही आनंद आपले आपणच मिळवावे लागतात.

दहा टक्के धरला तर त्याचे २,६००, वर त्याच्यावरचा टॅक्स. आकडा ३३,७४८ वर गेला. लेकीने लगेच फोन उघडून सांगितलं, की सर्व्हिस चार्ज परस्पर बिलात लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तसं सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलंय. ‘काढून टाका’ म्हणायचं, झालं.

“कोण म्हणणार?”

यावर घरात कोणी बोलेना. ज्या माणसाने दोन तास सासूबाईंची खुर्ची मागेपुढे केली, मांडीवरचा रुमाल पडला तर नवा आणून दिला, पावलागणिक ‘माय प्लेझर’ म्हटलं, त्याच्याकडे बघून ‘ते दहा टक्के तेवढे काढा’ म्हणायला वेगळं काळीज लागतं. न्यायालय हक्क देतं. तो बोलून दाखवायचं तोंड ज्याचं त्याने आणायचं.

मग नवऱ्याने आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. “गाडीचे चारही टायर गुळगुळीत झालेत. हे पैसे साधारण तेवढेच होतात.”

“बाबा, टायर आणि जेवणाचा काय संबंध?”

म्हणताना ती फसली, कारण संबंध तिनेच थोड्या वेळापूर्वी सांगितला होता. ज्या मिशेलिनच्या ताऱ्यांसाठी जगभरचे शेफ झुरतात, ती टायरची कंपनी. १९०० साली फ्रान्समध्ये रस्त्यावर मोटारी अगदी मोजक्या, तेव्हा लोकांनी गाड्या काढून लांब जावं आणि टायर झिजवावेत म्हणून या मिशेलिन भावांनी प्रवासाची एक मार्गदर्शिका काढली. १९२६ पासून तिच्यात हॉटेलांना तारे मिळू लागले. भारतात त्यांची मार्गदर्शिका निघत नाही. पण दुबईतल्या ‘त्रेसिंद स्टुडिओ’ला २०२५ मध्ये तीन तारे मिळाले. भारतीय जेवण देणाऱ्या हॉटेलाला तीन तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ.

“म्हणजे बघ,” नवरा म्हणाला, “ज्यांनी हे फॅड सुरू केलं त्यांचंही म्हणणं आधी टायर घ्या असंच आहे.”

त्याचा दुसरा मुद्दा मात्र मला आजही खोडता आलेला नाही. त्याचं म्हणणं, घाई करू नये, पंचतारांकित जेवण आपण होऊन खाली येतं. ताजमध्ये १९७३ साली ‘गोल्डन ड्रॅगन’ सुरू झालं आणि चीनच्या सिचुआन प्रांतातलं तिखट मुंबईच्या श्रीमंतांच्या जिभेला लागलं. तिथून ते हळूहळू उतरत उतरत हातगाडीवर आलं, शेजवान झालं, डोशात शिरलं आणि आता आमच्या कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याकडे पाच रुपये जादा दिले की मिळतं. “तुझा तो टेस्टिंग मेन्यू पण येईल गोखले रोडवर. थोडं थांबायचं.”

“आजी पंचाहत्तर वर्षांची आहे, बाबा.”

“आई थांबेल. शेजवानसाठी थांबलीच होती की.”

ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या सासूबाई वाल सोलत बसल्या होत्या. त्यांचा पंचतारांकित हॉटेलशी संबंध म्हणजे एक फोटो. लग्नानंतर सासरे त्यांना गेटवे बघायला घेऊन गेले होते. मागे ताज, पुढे नऊवार पदर सावरणाऱ्या आई, हातात भेळेचा पुडा. या फोटोला घरात ‘ताजमधला फोटो’ म्हणतात. ताज १९०३ पासून तिथे उभं आहे आणि गिरगाव-दादरपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या किती कपाटांत असा ‘ताजमधला फोटो’ असेल देव जाणे.

लेकीने मेन्यू मोठ्याने वाचायला घेतला. या मेन्यूंमध्ये पदार्थाला नाव नसतं. तीन नामं असतात आणि मधे पूर्णविराम. ‘भोपळा. करडई. धूर.’

“धुराचे पैसे घेतात?” आईंनी विचारलं.

“अगं आजी, फ्लेवर असतो. काचेचं झाकण उचललं की धूर बाहेर येतो.”

“आमच्या घरी तो आपसूक यायचा. डोळे चुरचुरायचे. आणि आणतात कसं हे? सगळं एकदम वाढतात ना?”

सगळं एकदम वाढत नाहीत, हे कळल्यावर आई प्रथमच गंभीर झाल्या. लेकीने समजावलं, की एकामागून एक पदार्थ येतात, आधीची बशी उचलतात, मग पुढची ठेवतात. ही रशियन पद्धत. १९व्या शतकात ती युरोपभर पसरली. त्याआधी खुद्द फ्रेंचसुद्धा सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडून जेवायचे.

“मग तेव्हा शहाणे होते,” आई म्हणाल्या.

त्यांची अडचण खरी होती. पानात वरच्या टोकाला मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये मूद, हे डोळ्यांसमोर असलं की हात आपला हिशोब करतो: या घासाला जरा चटणी, पुढच्याला कोशिंबीर, शेवटी ताकभाताला लोणच्याची फोड राखून ठेवायची. त्यांच्या मते जेवणारा जेवण आपल्या पानात जुळवतो. इथे ते शेफ जुळवून पाठवणार आणि कुठला घास कधी घ्यायचा हेही वाढपी सांगणार. “आणि पुढे काय येणारेय ते माहीत नसेल तर भूक राखायची कशी?” या प्रश्नाचं उत्तर रशियनांकडेही नसावं.

“काट्याचमच्यानेच खावं लागतं का?” हा त्यांचा पुढचा प्रश्न.

इथे लेकीचा चेहरा उजळला. दिल्लीच्या आयटीसी मौर्यमध्ये ‘बुखारा’ म्हणून जगप्रसिद्ध रेस्टॉरंट आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष तिथे जेवून गेलेत. तिथे काटेचमचे मांडतच नाहीत. गळ्यात चौकटीचा ॲप्रन बांधतात आणि हाताने खायला लावतात. त्याचंच भावंड ‘पेशावरी’ इथे अंधेरीला आयटीसी मराठामध्ये आहे. तिथली काळी डाळ तर रात्रभर मंद आचेवर शिजवतात.

“रात्रभर?” आईंच्या हातातला वाल थांबला. “एवढं मोठं हॉटेल, आणि कुकर नाही?”

मग कपड्यांचा विषय निघाला. वेबसाइटवर ‘स्मार्ट कॅज्युअल’ लिहिलं होतं. चप्पल, सँडल, अर्धी चड्डी चालणार नाही. नवरा पावसाळा धरून बाराही महिने सँडलवर असतो. १९८८ साली मुंबईतल्या एका बड्या क्लबाने अनवाणी आले म्हणून साक्षात एम. एफ. हुसेन यांना दारातून परत पाठवलं होतं, याची त्याने आठवण करून दिली. आपलं नाव हुसेन यांच्या शेजारी घेता आलं याचं त्याला थोडं बरंही वाटलं असावं. बूट माळ्यावरून काढले तेव्हा सोलच्या पुढच्या टोकाने ‘आ’ केला होता. हिशोबात बूट जमा झाले.

एवढं होईपर्यंत घरात टायर, बूट आणि जेवण यांवर मिळून एकही रुपया खर्च झाला नव्हता. कोणाच्याही बाजूने नसलेली अशी मी एकटीच. रात्री सगळे झोपल्यावर मी त्या रेस्टॉरंटचे फोटो बघत बसले. पदार्थांकडे माझं लक्षच नव्हतं. बशीत मधोमध एवढासा भोपळा आणि कडेला कुणी शिंकल्यासारखे सॉसचे ठिपके. त्यापेक्षा माझ्या हातचं भोपळ्याचं भरीत देखणं होतं. मी बघत होते खुर्च्या. एका टेबलापासून दुसरं टेबल चांगलं आठ-दहा फुटांवर. खुर्चीमागे कोणी नाही. कोणी नाव लिहून वाट बघत नाही, ‘अजून काही?’ म्हणत फडका मारत नाही, बडीशेपेच्या वाटीबरोबर न मागितलेलं बिल आणून ठेवत नाही.

साडेसहा हजार कशाचे ते मला तेव्हा कळलं. भोपळा त्यात फार तर वीस रुपयांचा असेल. मुंबईसारख्या शहरात, जिथे लोकलमध्ये चौथी सीट म्हणजे चैन, तिथे दोन तास ‘उठा आता’ असं कोणी डोळ्यांनीही म्हणणार नाही, याचं ते भाडं होतं. आईंनी तर उभा जन्म सगळ्यांना वाढून, मग उरलेल्यात, ओट्यापाशी बसून खाल्लेलं. त्यांच्यासमोर कोणीतरी एकेक बशी आणून ठेवेल, काय आहे ते सांगेल आणि अदबीने मागे सरकेल, हे बघायला मी पैसे द्यायला तयार होते. टायर वर्षभर चालतील. नवऱ्याने हळू चालवावी.

सकाळी मी हे (टायरचं वाक्य सोडून) सांगितलं. नवरा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “पार्किंग?”

“व्हॅले आहे. किल्ली द्यायची, ते लावतात.”

“ते टायर बघून तो काय म्हणेल?”

हा होकार होता. पंचवीस वर्षांचा अनुभव आहे.

लेकीने बुकिंग उघडलं. वाढदिवस शनिवारी, टेबल संध्याकाळी ७ चं किंवा रात्री ९.३० चं. ठाण्याला परतायचंय म्हणून सगळ्यांनी एकमुखाने ७ म्हटलं. तेवढ्यात आई वालाची टोपली घेऊन उठल्या आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवलं.

“शनिवारी संकष्टी आहे.”

“आजी! आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही जाणार की नाही तेच ठरत नव्हतं. उगाच मधे कशाला बोला? चंद्रोदय ९ वाजून २४ मिनिटांनी. त्याआधी मी पाण्याशिवाय काही घेणार नाही. तिथूनच अर्घ्य देईन म्हणते. पाणी देतील ना वाटीभर?”

“देतील,” लेक म्हणाली. “स्टिल की स्पार्कलिंग विचारतील फक्त.”

“साधं सांग,” नवरा घाईघाईने म्हणाला. “बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त लावलेलं चालतं हॉटेलांना. २०१७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. अर्घ्य साध्याच पाण्याचं.”

वेबसाइटवर ‘विशेष सूचना’चा चौकोन होता, पण त्यात संकष्टी मावेना. शेवटी मीच फोन लावला. पलीकडची मुलगी अत्यंत गोड इंग्रजीत ॲलर्जी, आवडीनिवडी, कुठला समारंभ आहे का वगैरे विचारत गेली. चौघे शाकाहारी, मी सांगितलं. एका पाहुण्यांना कांदा-लसूण नको आणि त्या चंद्र उगवल्यावरच जेवतील. पलीकडे कीबोर्डची टकटक थांबली.

मग तिने आवाज खाली आणला आणि मराठीत म्हणाली, “मॅडम, ९.२४ ना? माझ्या आईचीपण असते. साडेनऊचं टेबल लिहिते. समुद्राकडची खिडकी देऊ का, आजींना चंद्र दिसेल?”

फोन स्पीकरवर होता. नवरा सोफ्यावरून म्हणाला, “समुद्र पश्चिमेला आहे त्यांच्या. चंद्र पूर्वेला उगवतो. पार्किंगच्या बाजूची खिडकी आहे का विचार. आणि तिचे वेगळे पैसे आहेत का, तेही.”