पेलिनबाईंचा पायगुण

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवाराने नवख्या माणसाला जोडीला घेतलं, की एक जुना मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरू लागतो. ‘२००८ साली जॉन मॅककेन जिंकत आले होते. त्यांनी सारा पेलिन या अननुभवी बाईंना उपाध्यक्षपदाचं तिकीट दिलं. “माझ्या घरातून रशिया दिसतो” म्हणणाऱ्या या बाईंना लोकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि हातची निवडणूक गेली. नवखा जोडीदार घेणारा हरतोच.’

वाचायला सुटसुटीत आहे. पण नवी सून घरात आली, त्याच महिन्यात धंदा बसला आणि सगळे तिच्या पायगुणाला बोल लावू लागले, त्यातलाच हा हिशेब.

रशियाचं आधी उरकू. ते वाक्य पेलिन यांचं नव्हेच. ते टीना फे या विनोदी अभिनेत्रीचं, १३ सप्टेंबर २००८ ला ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात पेलिन यांची नक्कल करतानाचं. दोनच दिवस आधी एबीसी वाहिनीचे पत्रकार चार्ली गिब्सन यांना पेलिन एवढंच म्हणाल्या होत्या की अलास्कातल्या एका बेटावरून रशिया दिसतो. आणि तो दिसतोच. बेरिंगच्या सामुद्रधुनीत धाकटं डायोमीड बेट अमेरिकेचं, थोरलं रशियाचं, मध्ये जेमतेम चार किलोमीटर पाणी. प्रश्न परराष्ट्र धोरणाचा होता आणि उत्तर भूगोलाचं आलं, ही खरी गोम. पण नक्कल अशी काही वठली की आज लोकांना तीच अस्सल वाटते.

‘जिंकत आले होते’ म्हणजे कधी? त्या उन्हाळ्यात बहुतेक मतचाचण्यांत त्यांचे प्रतिस्पर्धी ओबामा थोडे का होईना पुढे होते. २९ ऑगस्टला, आपल्या ७२व्या वाढदिवशी, मॅककेन यांनी ओहायोतल्या डेटनमध्ये पेलिन यांना पुढे केलं. आदल्याच रात्री डेन्व्हरच्या स्टेडियमवर ओबामांचं मोठं भाषण झालं होतं. सकाळी त्याचं कुणी नाव काढेना. ३ सप्टेंबरला सेंट पॉलला पक्षाच्या अधिवेशनात पेलिन बोलल्या, ते सुमारे ३.७ कोटी लोकांनी टीव्हीवर पाहिलं. मॅककेन यांच्याबद्दल कधीच फारसा उत्साह नसलेले पक्षाचे कार्यकर्ते अचानक सभांना लोटू लागले. आणि मग गॅलप या संस्थेच्या मतचाचणीत मॅककेन पुढे गेले. अधिवेशनानंतर प्रत्येकच उमेदवाराला थोडी उसळी मिळते, हे धरलं तरी मजकुरातली ती आघाडी या बाई आल्यानंतरची आहे. ‘पहिल्याच दिवशी ओळखलं’ हेही त्यातच निकालात निघतं.

आता ती गेली कशी, ते तारखाच सांगतात. सोमवार, १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या बड्या बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच दिवशी फ्लोरिडात मॅककेन म्हणाले, आपल्या अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम आहे. आठवडा संपायच्या आत ओबामा पुन्हा पुढे होते. टीव्ही पत्रकार केटी कुरिक यांनी ‘तुम्ही कोणती वर्तमानपत्रं वाचता’ असं विचारलं आणि पेलिन यांना एकही नाव सांगता आलं नाही, ती गाजलेली मुलाखत दाखवायला सुरुवात झाली २४ सप्टेंबरला. त्याच दिवशी मॅककेन यांनी आर्थिक संकटासाठी आपला प्रचारच थांबवत असल्याची घोषणा केली. २९ला बँका वाचवण्याचं विधेयक प्रतिनिधीगृहात पडलं, तेही मॅककेन यांच्याच पक्षाच्या बहुसंख्य सदस्यांनी विरोधात मत दिल्यामुळे, आणि शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ७७७ अंकांनी कोसळला. मतदान करून बाहेर पडलेल्यांपैकी ६३ टक्के लोकांनी अर्थव्यवस्था हाच सर्वांत मोठा मुद्दा सांगितला. लेहमन बुडाली ती पेलिन यांच्या पायगुणाने नव्हे.

म्हणून बाई निर्दोष होत्या, असं मी म्हणत नाही. त्याच मतदारांपैकी ६० टक्के म्हणाले की वेळ आलीच तर अध्यक्षपद सांभाळण्याची यांची पात्रता नाही. ही काळजी पोकळ नव्हती. आपल्याकडे राष्ट्रपतिपद रिकामं झालं तर उपराष्ट्रपती तात्पुरता कारभार पाहतात आणि सहा महिन्यांत निवडणूक होते. तिथे उपाध्यक्ष उरलेल्या सगळ्या मुदतीसाठी अध्यक्ष होतो. असं आजवर नऊ वेळा झालंय. त्यात मॅककेन ७२ वर्षांचे, त्वचेच्या कर्करोगातून उठलेले. शिवाय ‘ओबामांना अनुभव नाही’ हे त्यांचं हुकमी पान होतं, आणि वीस महिने अलास्काच्या गव्हर्नर, त्याआधी वासिला या छोट्या गावाच्या महापौर असलेल्या बाईंना शेजारी उभं करून ते त्यांनी स्वतःच वाया घालवलं. तोटा झाला, हे खरंच. पण मतांवरचा हा परिणाम मोजणाऱ्या एका अभ्यासात तो दोन टक्क्यांच्या आत निघाला. ओबामांना ५२.९ टक्के मतं होती, मॅककेन यांना ४५.७. पेलिन यांच्यामुळे गेलेली सगळी मतं परत दिली तरी हे अंतर मिटत नाही.

उरलं ‘हरतोच’. २०२४ मध्ये ट्रम्प यांनी निवडलेले जे. डी. व्हान्स जेमतेम दीड वर्ष सिनेटर होते, ट्रम्प जिंकले. १९८८ मध्ये डॅन क्वेल संसदेत बारा वर्षं काढूनही पोरसवदा ठरले, टिंगलीचा विषय झाले; थोरल्या बुश यांनी ५० पैकी ४० राज्यं घेतली. आणि १९६८चे स्पायरो अ‍ॅग्न्यू तर थेट पेलिन यांच्याच मापाचे: निक्सन यांनी निवडलं तेव्हा मेरीलँडचं गव्हर्नरपद मिळून त्यांना दोन वर्षंही झाली नव्हती. विरोधकांनी टीव्हीवर जाहिरात केली, तीत पडद्यावर उपाध्यक्षपदासाठी अ‍ॅग्न्यू यांचं नाव आणि मागे एका माणसाचं न थांबणारं हसू, बस्स. निक्सन जिंकले. अ‍ॅग्न्यू चार वर्षांनी पुन्हा निवडून आले. १९७३ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला, तो करचुकवेगिरीपायी.