‘रविवारचे हौशी’ म्हणणाऱ्या साहेबांना उत्तर

नमस्कार. ठाण्यात अकरा बाइक क्लब एकत्र बसले आणि अटल सेतूवरची (शिवडीहून समुद्रावरून उरणकडे जाणारा पूल) दुचाकीबंदी व रस्त्यांच्या कामाबद्दल एकच निवेदन द्यायचं ठरलं, त्यावर मी मागची पोस्ट लिहिली होती. तिच्यावर ‘एक कारचालक’ या नावाने भलीमोठी कमेंट आलीय. उत्तर लांबलं म्हणून वेगळंच टाकतोय.

साहेबांचं म्हणणं असं: “दर रविवारी घाटात मिसळ खायला जाणाऱ्या हौशी लोकांना कसले आलेत हक्क? अटल सेतूवर बाइक सोडल्या तर वाऱ्याने पोरं समुद्रात पडतील. टोल भरायला नको, रस्ता मात्र हवा. आधी आपल्या मेंबरांचे सायलेन्सर आवरा. आणि तारीख तरी नीट लिहा.” आणि आमच्या मीटिंगला शेवटी ‘टोळकं’ म्हटलंय.

आधी तारखेचं. अटल सेतू २०२३ मध्ये सुरू झाला असं माझ्याकडून लिहिलं गेलं, ते चूक. उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं. पोस्ट दुरुस्त केलीय, लक्षात आणून दिल्याबद्दल मनापासून आभार.

पण साहेब, ‘टोळकं’? तुम्ही तिथे होतात का? खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने हेल्मेट ठेवली होती आणि समोर सतरंजीवर बसलेल्यांमध्ये बँकेतून रिटायर झालेले एक काका होते, दोन डिलिव्हरीवाली पोरं होती, परळच्या हॉस्पिटलमधली एक सिस्टर होती. बुलेटवाले आणि केटीएमवाले एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, ते तीन तास एका निवेदनाच्या भाषेवर डोकं लावत बसले होते. माणसांना न बघता, न ओळखता असला शब्द वापरायचा, ही कुठली पद्धत? मुद्दा कितीही कडक मांडा, मी छापतो, आजवर एकही कमेंट उडवलेली नाही. पण बोलायची काही रीत असते.

आता ‘हौशी’. हा शब्द मला लागलाय, लपवत नाही.

मी १९९८ पासून दुचाकीवर आहे. त्यातली चौदा वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून. पनवेल, पेण, अलिबाग, महाड, सगळा रायगड स्प्लेंडरवर पालथा घातला, पाठीला सॅम्पलची बॅग, पावसाळ्यात बॅगेला दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि स्वतःला एक रेनकोट, कारण गोळ्या भिजल्या तर पगारातून कापायचे. ती हौस होती का? २००६ च्या जुलैत रात्री महाडहून परत येताना रस्ता खरवडून ठेवलेला होता, ना बोर्ड ना दिवा. कारमध्ये बसलं की तिथे फक्त घर्रर्र आवाज येतो, साहेब. दुचाकीचं पुढचं चाक त्या खोबण्यांमध्ये आपोआप घुसतं आणि हँडल हातात असून नसल्यासारखं होतं. त्यात वरून पाऊस. डावं कॉलर बोन तुटलं, प्लेट अजून आत आहे, थंडीत ठणकते. हेल्मेट होतं म्हणून आज तुम्हाला उत्तर देतोय. मला उचलून दवाखान्यात नेलं ते एका ट्रकवाल्याने, मागून तीन कार न थांबता गेल्या होत्या. ज्यांनी रस्ता उकरून ठेवला होता त्यांच्याकडे मी चार पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. एकट्या माणसाच्या पत्राला उत्तर येत नाही म्हणून तर अकरा क्लब एका कागदावर सह्या करतायत, आणि त्याला तुम्ही टोळकं म्हणताय!

आणि ती सिस्टर. राहते उरणला. अटल सेतूने शिवडीला उतरली की परळ हाकेवर, पण स्कूटरला तिथे बंदी, म्हणून बेलापूर, वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर असा वळसा, तोही ट्रेलर आणि डंपरच्या गर्दीतून, रात्रीची शिफ्ट सुटल्यावर. वेळ काय आणि पेट्रोल काय, पण ती म्हणाली की मागून ट्रेलर आला की श्वास रोखला जातो. कारवाला मात्र ताशी १०० ने सरळ निघून जातो. सांगा, ती हौशी? केंद्राचाच रिपोर्ट आहे, २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ७४,८९७ दुचाकीवरची. हे सगळे काय मिसळ खायला निघाले होते?

हो, मी रविवारी घाटात जातो, मिसळही खातो. म्हणून सोमवारी रस्त्यावरचा माझा हक्क कमी होत नाही.

वाऱ्याचं म्हणाल तर मी स्वतः बाइकने रामेश्वरमला जाऊन आलोय. पांबनचा रस्त्याचा पूल दोन किलोमीटरहून लांब, थेट समुद्रावर, १९८८ पासून चालू, आणि त्यावरून स्कूटर, मोपेड, सगळं जातं. वारा होता, गाडी ढकलत होता, वेग कमी केला आणि पार झालो. वारा फार असेल त्या दिवशी बंद ठेवा, वेगाची मर्यादा घाला, वेगळी लेन द्या, आमचं सगळ्याला हो आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ मध्ये बंदी घालायचा अधिकार आहे हे आम्हालाही ठाऊक आहे, पण तो सुरक्षिततेसाठी आणि सोयीसाठी दिलाय. कुणाची सुरक्षितता, एवढंच आम्ही विचारतोय.

टोल भरायची आमची तयारी आहे, निवेदनाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. वाचायची तसदी घेतली असतीत तर दिसलं असतं.

सायलेन्सरचा विषय वेगळा आहे, इथे त्यात शिरत नाही. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका एवढंच म्हणेन.

निवेदनाची प्रत हवी असेल तर मेल करा, पाठवतो. आणि पुढची कमेंट स्वतःच्या नावाने लिहा. मी माझ्या नावाने लिहितो.