सही करू का, मावशी?

मैत्रिणीच्या मुलीचा गेल्या आठवड्यात मेसेज आला. "मावशी, एमएसडब्ल्यूला (सोशल वर्कच्या मास्टर्सला) ॲडमिशन मिळाली! टायटल फोर-ईचा स्टायपेंडपण मिळतोय. फक्त नंतर दोन वर्षं काउंटीच्या चाइल्ड वेल्फेअरमध्ये काम करायचा बॉन्ड आहे. सही करू का?"

मी "कर की!" लिहून मोकळी झाले. आणि मग रात्री कूस बदलत बसले. म्हणून ही पोस्ट. लांबणार आहे, आधीच सांगते.

इकडचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत एखाद्या मुलाला घरात मारहाण होत असेल, त्याची हेळसांड होत असेल, तर त्याला घरातून काढायचं का, फॉस्टर होममध्ये, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबात, ठेवायचं का, घर सावरलं तर परत पाठवायचं आणि नाहीच सावरलं तर दत्तक द्यायचं, हे सगळं सरकारी सोशल वर्कर कोर्टाच्या देखरेखीखाली करतो. 1980 मध्ये कार्टर यांच्या सहीने एक कायदा झाला आणि सोशल सिक्युरिटी कायद्यात टायटल फोर-ई नावाचा भाग आला. फॉस्टर केअरचा केंद्राचा पैसा त्यातून येतो. त्यातच प्रशिक्षणाचं एक कलम आहे. या कामावर असलेल्यांच्याच नव्हे, तर या कामात यायची तयारी करणाऱ्यांच्याही प्रशिक्षणाच्या खर्चातला 75 टक्के वाटा केंद्र उचलतं. तयारी करणारे म्हणजे विद्यार्थी. एवढ्याशा शब्दांवर देशभरातल्या कितीतरी विद्यापीठांचे स्टायपेंड उभे आहेत. कॅलिफोर्नियात तर 1990 मध्ये विद्यापीठं आणि काउंट्या (म्हणजे इथले जिल्हे) एकत्र येऊन बर्कलीला यासाठी खास संस्थाच सुरू झाली.

मी दुसऱ्या राज्यातली, पण शिकले याच पैशावर. वय 37, नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली, हातात जुनी बीकॉमची डिग्री, दोन पोरं शाळेत. फी भरून एमएसडब्ल्यू करणं आमच्या बजेटात बसणारं नव्हतं. तेव्हा हा स्टायपेंड नसता तर मी या क्षेत्रात आलेच नसते. "पैशासाठी येतात हे लोक" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. या पैशात कुणी बंगला बांधल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. वर्गात माझ्या शेजारी बसणारी मुलगी स्वतः फॉस्टर केअरमध्ये वाढलेली होती. तिला हे काम आतून माहीत होतं, फक्त फीचे पैसे नव्हते. अशी माणसं या कामात आणायची असतील तर दुसरा कुठला मार्ग आहे, मला तरी दिसत नाही.

आता त्या 75 टक्क्यांची गंमत ऐका. ते सरसकट मिळत नाहीत. राज्याच्या फॉस्टर केअरमधली किती मुलं फोर-ईच्या निकषात बसतात, त्या प्रमाणात मिळतात. शंभरातली चाळीस मुलं बसली, तर डॉलरमागे 75 सेंटचे होतात 30. आणि निकष कुठला? मुलाच्या घरची गरिबी 1996 च्या जुलैतल्या नियमांनी मोजायची! ज्या गरीब कुटुंबांच्या मदत योजनेचे ते नियम, ती योजना त्याच वर्षी बंद झाली. योजना गेली, तिची उत्पन्नाची मर्यादा मात्र तिथेच गोठून राहिली. महागाई वाढत गेली तशी निकषात बसणारी मुलं कमी होत गेली, आणि त्यांच्यासोबत माझ्यासारख्यांना शिकवायचा पैसाही आटत गेला. ही कुणाची दुष्टाई नाही, कुणी ते दुरुस्त करायला बसलं नाही इतकंच. असो, यावर एकदा वेगळं लिहीन.

मला टोचतोय तो बॉन्ड. बॉन्ड असण्याबद्दल तक्रार नाही. आपल्याकडे एमबीबीएसवाल्यांनाही असतो. जनतेच्या पैशावर शिकलात, चार दिवस जनतेचं काम करा, रास्तच आहे. माझा करार मी परवा कपाटातून काढून पुन्हा वाचला. विद्यार्थ्याने अमुक करावे, विद्यार्थी तमुकास बांधील राहील, नोकरी सोडल्यास विद्यार्थी रक्कम परत करील. पानामागून पानं. काउंटी कशाला बांधील राहील? शोधत राहिले. एक ओळ सापडली नाही.

इंटरव्ह्यूत मला सांगितलं होतं, "साधारण पंधरा मुलं असतील तुझ्याकडे." चाइल्ड वेल्फेअर लीग ऑफ अमेरिका या बालकल्याण संस्थांच्या संघटनेची शिफारसही फॉस्टर केअरमध्ये एका वर्करमागे 12 ते 15 मुलांचीच आहे. तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे 24 होती. दोन सहकारी सोडून गेले आणि सहाव्या महिन्यात 31 झाली. प्रत्येक मुलाला महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष भेटायचं. काही मुलं नव्वद मैलांवर ठेवलेली. वर कोर्टाचे रिपोर्ट. गाडीत मागे कायम दोन कार सीट, आणि डिकीत डफल बॅगा, कारण घरातून काढलेल्या पोराचे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरायचे नाहीत हा माझा एकमेव हट्ट मला पाळता आला. सुपरव्हायझर चांगली होती, पण ती स्वतःच दोन युनिटं सांभाळत होती. आठवड्याला ठरलेला तास महिन्याला वीस मिनिटांवर आला. जे शिकवायला सरकारने माझ्यावर दोन वर्षं पैसा ओतला, ते वापरायला श्वास घ्यायला तरी जागा हवी ना?

एक मुलगा सांगते. ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत. वय नऊ. पहिल्या भेटीत त्याने माझ्याकडे व्हिजिटिंग कार्ड मागितलं. मला वाटलं, मोठ्यांसारखं वागायची हौस. त्याने पोकेमॉनच्या कार्डांचा अल्बम काढला. नऊ खणांचं एक प्लॅस्टिकचं पान, त्यात सहा सोशल वर्करांची कार्डं ओळीने लावलेली. माझं सातव्या खणात गेलं. नीट सरळ बसेपर्यंत त्याने ते दोनदा काढून घातलं.

अमेरिकन संसदेच्या जीएओ या तपास यंत्रणेचा 2003 चा अहवाल सांगतो की या कामात वर्कर सरासरी दोन वर्षंही टिकत नाही. आणि मिलवॉकी काउंटीचा 2005 चा एक अभ्यास आहे, तो मी कुठेही संधी मिळाली की सांगत सुटते. ज्या मुलांना एकच वर्कर मिळाला, त्यांच्यापैकी 74.5 टक्के मुलांचा कायमच्या घराचा प्रश्न सुटला. वर्कर एकदा बदलला, म्हणजे दोन झाले, की तोच आकडा 17.5 टक्के. आता यातला सगळा फरक वर्कर बदलल्यामुळेच पडतो असं नाही. अवघड केस लांबते, आणि लांबली की माणसंही बदलतात. पण फाइल हातातून हातात जाताना काय गळतं ते मी पाहिलंय. आईची व्यसनमुक्तीच्या सेंटरमधली जागा कुणाशी बोलून मिळाली होती, कुठल्या आत्याने मुलाला घेते म्हटलं होतं, हे फाइलमध्ये नसतं, गेलेल्या माणसाच्या डोक्यात असतं. नवा वर्कर आत्याला शोधेपर्यंत तीन महिने जातात. आणि 1997 च्या कायद्याचं घड्याळ थांबत नाही. गेल्या 22 महिन्यांतले 15 महिने मूल फॉस्टर केअरमध्ये असलं, की काही अपवाद सोडता आईवडिलांचे हक्क काढून घेण्याचा अर्ज कोर्टात करावा लागतो. वर्कर तीन झाले म्हणून आईला तीन महिने वाढवून मिळतात असं नाही.

मीही गेलेच. बॉन्ड संपल्यावर चार महिने काढले आणि हॉस्पिटलमधली नोकरी धरली. माझ्या जागी आलेली मुलगी इतकी नवी होती की तिची कार्डं छापून यायची होती. तिने पिवळ्या चिकटचिठ्ठीवर नाव-फोन लिहून दिला. त्या पोराने चिठ्ठी हातात घेतली, पाहिली, आणि "हे कार्ड नाहीये" म्हणून टेबलावर ठेवून दिली.

त्यामुळे माझं म्हणणं साधं आहे. केंद्राचा पैसा विद्यापीठाकडे जाताना त्याला विद्यार्थ्याचा बॉन्ड चिकटतो, तसा काउंटीचाही चिकटवा. पहिले सहा महिने अर्धा केसलोड (म्हणजे निम्मीच मुलं), पहिलं वर्ष पंधराच्या वर नाही, आठवड्याला सुपरव्हायझरचा एक अख्खा तास. "मुलं काय रांगेत थांबणार का? केस आली की कुणीतरी घ्यायलाच हवी," हे उत्तर मला पाठ आहे, आणि ते खोटंही नाही. म्हणूनच मर्यादा मोडायला बंदी घाला असं मी म्हणत नाही. मोडा, पण मोडलेला प्रत्येक महिना विद्यार्थ्याच्या बॉन्डमधून दुपटीने वजा करा. बघा मग नवीन माणूस भरती करायची घाई कशी होते ती. आज मर्यादा मोडण्याची किंमत फक्त त्या पंचविशीतल्या पोरीची झोप आणि त्या मुलाच्या अल्बममधला एक खण, आणि हे दोन्ही कुणाच्याच बजेटात दिसत नाही.

तर मेसेजच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाचीला फोन केला. म्हटलं, सही कर, पण त्याआधी काउंटीच्या माणसाला विचार की पहिल्या सहा महिन्यांत मला किती मुलं देणार, आणि ते लिहून देणार का. तिने त्याच दिवशी विचारलं, माझ्यापेक्षा धीट आहे पोरगी. समोरच्या बाई म्हणाल्या, "हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, बघून कळवते."

याला चार दिवस झाले. अजून कळवलेलं नाही. सहीची मुदत शुक्रवारी संपते.