‘नुसते प्रश्न विचारणारे’ काय कामाचे?

सध्या एक मजकूर बराच फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: तत्त्वज्ञ नुसते प्रश्न विचारतात, उत्तर देत नाहीत, विज्ञान आल्यावर त्यांची गरज संपली, ते तरुणांची डोकी फिरवतात आणि संकटात समाजात फूट पाडतात, म्हणून बोलघेवडे नकोत, राबणारे हात हवेत. वाचायला झणझणीत आहे. एकेक मुद्दा घेऊ.

उत्तर देत नाहीत? मिलानच्या चेझारे बेक्कारिया या विचारवंताने १७६४ साली विचारलं, की झालेला गुन्हा शिक्षेने पुसला जात नाही, मग शिक्षा नेमकी कशासाठी? छळ करून कबुली घेण्यातून आणि जीव घेण्यातून काय साधतं? १७८६ साली इटलीतल्या टस्कनी या राज्याने छळ आणि मृत्युदंड दोन्ही रद्द केले. सही अर्थात राज्यकर्त्याची होती. प्रश्नाचा कायदा झाला की तो कोणी विचारला होता, हे लोक विसरतात.

विज्ञानाचं म्हणाल, तर १९७८ साली शरीराबाहेर फलन झालेलं पहिलं मूल जन्मलं. प्रयोगशाळेत भ्रूण किती दिवस वाढवता येईल, हे संशोधक शोधू शकतात. किती दिवस वाढवू द्यावा, हे सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. ब्रिटिश सरकारने त्यासाठी नेमलेल्या समितीचं अध्यक्षपद मेरी वॉरनॉक या तत्त्वज्ञ बाईंकडे दिलं. समितीने १९८४ मध्ये १४ दिवसांची मर्यादा सुचवली, १९९० मध्ये तिचा कायदा झाला.

फूट पाडण्याचा आरोप सगळ्यात जुना, म्हणून इथे जरा थांबू. इ.स.पू. ४०६ मध्ये अथेन्सच्या आरमाराने आर्गिनुसाईची लढाई जिंकली, पण वादळामुळे बुडणाऱ्या आपल्याच माणसांना वाचवता आलं नाही. लोक खवळले. सगळ्या सेनापतींचा एकाच मतदानात निकाल लावा, अशी मागणी झाली. ते बेकायदा होतं. त्या दिवशी सभेचं काम पाहणाऱ्यांत सॉक्रेटिस होता. तो एकटा शेवटपर्यंत नाही म्हणत राहिला. त्याचं कोणी ऐकलं नाही. सहा सेनापतींना मारलं, आणि पुढे त्याच अथेन्सकरांना पश्चात्ताप झाला. एकजूट तर होती, फूट कुठेच नव्हती! तिने सहा माणसं खाल्ली.

तरुणांची डोकी फिरवण्याबद्दल मात्र टीकाकारांच्या हाती थोडंफार आहे. पुढे अथेन्सची सत्ता बळकावणाऱ्या तीस जुलमी शासकांचा म्होरक्या क्रिटियस सॉक्रेटिसच्या सहवासात वावरलेला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण याच तिसांनी सॉक्रेटिससह पाच जणांना सलामिसच्या लेऑन नावाच्या माणसाला मारण्यासाठी धरून आणायचा हुकूम दिला, तेव्हा बाकीचे चौघे निमूट गेले आणि सॉक्रेटिस सरळ घरी गेला. क्रिटियसचं पाप त्याच्या माथी मारायचं, तर हेही त्याच्याच खात्यावर मांडा. आणि हो, समोरच्याला नुसतं जेरीस आणायला प्रश्न फेकणारेही असतात. उत्तर ऐकायला न थांबणाऱ्याला मी तत्त्वज्ञ म्हणत नाही.

राहिले राबणारे हात. तत्त्वज्ञ स्पिनोझा भिंगं घासायचा. सॉक्रेटिस पोटिडिया, डेलियम आणि अँफिपोलिस अशा तीन मोहिमांत पायदळात लढला. मजकूर लिहिणाऱ्याला आणखी किती राबलेलं हवंय?