सर्वसमावेशक वर्गामुळे दर्जा घसरतो, हे खरं नाही

एक मजकूर गेले काही महिने शिक्षकांमध्ये हातोहात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: उच्च शिक्षणातला ‘सर्वसमावेशक वर्ग’, म्हणजे अपंग, वंचित अशा सगळ्याच विद्यार्थ्यांना शिकता येईल असा वर्ग, हे भावनांचे लाड आहेत. विद्यार्थ्यांना काय वाटतं हा पुरावा नव्हे. सवलती मूठभरांसाठी, त्यांच्यापायी दर्जा घसरतो. प्रवेश दिला की संस्थेची जबाबदारी संपली. मी शिकवते, त्यामुळे याला उत्तर देणं मला भाग आहे.

‘काय वाटतं हा पुरावा नव्हे.’ यात अर्धं तथ्य आहे आणि ते मी मान्य करते. 2019 साली हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या अभ्यासात, स्वतः गणितं सोडवत शिकलेली मुलं नुसतं व्याख्यान ऐकलेल्या मुलांपेक्षा चाचणीत सरस ठरली. त्यांना मात्र वाटत होतं की आपण कमी शिकलो. म्हणजे ‘किती शिकलो’ हे विद्यार्थ्याला नेहमी नेमकं सांगता येत नाही. पण ‘मला इथे कशाची अडचण होते’ हे त्याच्याशिवाय कोण सांगणार?

माझ्या वर्गात कमी ऐकू येणारी एक मुलगी होती. तिला पहिल्या बाकावर जागा दिली म्हणजे झालं, असं मी धरून चालले होते. अर्धं सत्र उलटल्यावर ती म्हणाली, ‘‘मॅडम, तुम्ही फळ्याकडे वळून बोलता तेव्हा ओठ दिसत नाहीत. तेवढं मी सोडून देते.’’ आणि सिद्धता मी नेमकी फळ्याकडे वळूनच सांगायचे! विषयाचा गाभाच तिच्या हातून निसटत होता. गुणपत्रिकेत फक्त कमी गुण दिसले असते आणि ‘अभ्यास नाही’ असं म्हणून मी मोकळी झाले असते. आता मी आधी लिहिते, मग वर्गाकडे वळून बोलते. अभ्यासक्रमातली एक ओळही त्यासाठी गाळावी लागली नाही.

दर्जाचा मुद्दा इथेच निकालात निघतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याला लेखनिक दिला तरी प्रश्नपत्रिका तीच असते, उत्तरही त्यालाच सांगावं लागतं. वर्गात मुलांना करायला, बोलायला लावणाऱ्या पद्धतींवरचे विज्ञान-गणितातले 225 अभ्यास 2014 साली एकत्र तपासले गेले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचं प्रमाण 33.8 टक्के होतं, या वर्गांत 21.8. पुढे 2020 च्या विश्लेषणात असंही दिसलं, की अशा वर्गांत वंचित गटांतल्या आणि इतर विद्यार्थ्यांच्या परीक्षेतल्या गुणांमधली दरी सरासरी 33 टक्क्यांनी कमी होते. याला घसरण कसं म्हणायचं?

‘मूठभरांसाठी’ म्हणणाऱ्यांनी व्हिडिओखालच्या सबटायटल्सकडे पाहावं. ऐकू न येणाऱ्यांसाठी आलेली ही सोय ऐकू येणाऱ्यांनाही आशय समजायला आणि लक्षात ठेवायला मदत करते, असं शंभराहून अधिक अभ्यासांत आढळलंय. नोट्सचंही तेच. पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, सहसा नीट वाचता येत नाही, कारण त्याच्या लेखी ते नुसतं चित्र असतं. तोच मजकूर टाइप करून दिला तर दृष्टिहीन मुलाला ऐकता येतो आणि बाकीच्यांना त्यात हवा तो शब्द शोधता येतो.

राहिला प्रवेशाचा मुद्दा. विद्यार्थी शिक्षण का सोडतात, याची मांडणी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 साली केली. मूल संस्थेच्या अभ्यासात आणि माणसांत किती रुजतं, यावर त्याचं टिकणं पुष्कळ अवलंबून असतं, असं त्यांनी मांडलं. प्रवेशयादीत नाव लागल्याने हे रुजणं होत नाही. ‘हवे तसे गट करा’ असं मी वर्षानुवर्षं सांगत आले आणि दरवेळी तीच दोन-तीन मुलं भिंतीशी उभी राहायची. मग मीच त्यांना कुठल्यातरी गटात ढकलायचे, सगळ्यांसमोर. एकाने सत्राअखेरच्या अभिप्रायात लिहिलं, ‘गट करायच्या दिवशी मी वर्गात येत नाही.’ हजेरीपटावर ती नुसती गैरहजेरी होती. आता गट मी आधीच ठरवून आणते आणि दर तीन आठवड्यांनी बदलते.